जनजागृती नावाची गुंगी

पर्यावरणावरील मराठी लेखाचा शेवट कसा होतो, हे आता आपल्या सर्वांना पाठ झाले आहे. नद्या मेल्या, झाडे तुटली, पाखरे नाहीशी झाली, ही यादी एकदा संपली की लेखक घसा साफ करतो आणि सांगतो, ‘यासाठी समाजात जनजागृती होणे गरजेचे आहे.’ परिसंवादाचा अध्यक्ष हेच सांगतो, नगरसेवक हेच सांगतो, आणि वेळ आली तर ज्याच्या कारखान्याचे सांडपाणी नाल्यात उतरते तोही हेच सांगतो. जे वाक्य नदी नासवणाऱ्याला आणि नदीसाठी रडणाऱ्याला सारख्याच सहजतेने उच्चारता येते, त्या वाक्याविषयी निदान संशय तरी घेतला पाहिजे. आम्ही तो घेत आहोत. अज्ञान हे या नाशाचे मुख्य कारण नाही, असे आमचे म्हणणे आहे. हा नाश बऱ्याच अंशी शिकलेल्या माणसांनी केला, शिकलेपणाच्या बळावर केला, आणि काही बाबतींत तर शिकलेपणामुळेच केला. मराठी भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्या आपल्या जमातीचाही त्यात वाटा आहे, आणि तो आपण समजतो त्याहून मोठा आहे.

उदाहरण दूरचे नको, ठाकुर्ली घेऊ. कल्याण आणि डोंबिवली यांच्यामधले हे धीम्या गाड्यांचे स्थानक. कल्याणकडे निघालेल्या गाडीत डाव्या खिडकीशी बसले की उल्हास नदीची खाडी दिसते: काठाला तिवरांची झुडपे, त्यांत अडकलेल्या पिशव्या, ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल आणि त्यावर एका पायावर उभे असलेले बगळे. जी.आय.पी. रेल्वेने १९२९ साली इथेच चोळा वीजकेंद्र उभारले. मुंबईच्या विजेवर धावणाऱ्या गाड्यांना अर्धशतकाहून अधिक काळ या कोळशाच्या धुराने पोसले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले. आजूबाजूला चोळे, कचोरे, खंबाळपाडा ही आगरी वस्तीची जुनी गावे आणि पश्चिमेला खाडीवर मोठागाव. त्यांच्या अंगाखांद्यावर आता वीस-पंचवीस मजल्यांची संकुले उभी आहेत. एकेकाळी ज्या चिखलाकडे पाठ फिरवण्यासाठी माणसे शिकत, तोच चिखल आता ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून चौरस फुटाच्या भावात विकला जातो.

या पट्ट्याला अडाणी म्हणण्याची कोणाची छाती आहे? २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची साक्षरता नव्वद टक्क्यांच्या पुढे होती. दहावी-बारावीच्या निकालांत इथल्या मुलांची नावे झळकतात. ग्रंथालये आहेत, व्याख्यानमाला आहेत, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा तर डोंबिवलीनेच महाराष्ट्राला दिली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचे हे गाव. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. आणि याच सांस्कृतिक नगरीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत बसवले होते. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. संमेलनाच्या आठ महिने आधी, २६ मे २०१६ रोजी, याच औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन माणसे मेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा मेली. यांतली कुठली गोष्ट डोंबिवलीकराला ठाऊक नव्हती? त्याला सगळे ठाऊक होते. गुलाबी रस्त्याची छायाचित्रे त्यानेच तर काढली. त्यावरचे विनोदही त्याचेच, आणि ते चांगले होते.

मग जागृती म्हणजे आणखी काय व्हायचे राहिले आहे?

या प्रश्नावर शिक्षणखात्याचे उत्तर तयार असते. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करावा. राज्ये बारा वर्षे झोपली. २००३ साली न्यायालयाला पुन्हा दटावावे लागले. त्यानंतर सारे यथासांग झाले. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आले, आता त्याला जलसुरक्षेची जोड मिळाली आहे. पदवीच्या वर्गांना विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. म्हणजे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या या पट्ट्यातील जवळपास प्रत्येक पदवीधराने पर्यावरणाची परीक्षा दिली आहे आणि तो उत्तीर्णही झाला आहे. नापास झालेला आम्ही तरी पाहिलेला नाही. हा गुणपत्रिकेत श्रेणीपुरता उरलेला विषय. त्याचा ‘प्रकल्प’ स्टेशनरीच्या दुकानात चित्रांच्या तक्त्यांतून कापून, चिकटवून, प्लॅस्टिकच्या फायलीत घालून सादर होतो. जैवविविधतेची व्याख्या, ओझोनचा थर, पृथ्वीचे तापमान, चिपको आंदोलन... सगळे दूरचे, सगळे मोठे आणि सगळे खरे. खाडीपासून हाकेच्या अंतरावरील महाविद्यालयातला विद्यार्थी ॲमेझॉनच्या जंगलावर पाच मुद्दे लिहून पाच गुण मिळवतो. समोरच्या तिवरांच्या मुळांजवळ राडारोडा पडत असतो, त्याच्याविषयी प्रश्न येत नाही. आला असता तर त्याचे आदर्श उत्तर मार्गदर्शकात छापून आले असते, आणि मग त्यालाही सर्वांना पाच गुण मिळाले असते.

विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोयीचे आहे. पण आमच्यापैकी काही जण मराठी शिकवतात, आणि या ठिकाणी येणारे बहुतेक वाचकही शिकवतात किंवा शिकतात. तेव्हा आधी आपल्या वर्गाची झडती घेऊ.

आपल्या वर्गात निसर्ग दोन वाटांनी येतो. एक वाट निबंधाची. ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘झाड बोलू लागले तर’, ‘पाऊस पडला नाही तर’. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी नदीला बोलायला लावले आहे, आणि ती प्रत्येक उत्तरपत्रिकेत तेच बोलते: मी डोंगरात जन्मले, अल्लड होते, माणसांनी मला दूषित केले, आता तरी जागे व्हा. ही नदी उल्हास नसते, वालधुनी नसते. तिला नावच नसते. ती राजमाचीच्या डोंगरातून निघत नाही, कर्जत-बदलापूरवरून येत नाही, तिच्यावर मोहोन्याजवळ जलपर्णीची सतरंजी पसरत नाही, तिला कल्याणात वालधुनीचे रंगीत पाणी मिळत नाही. आणि तिला दूषित करणारे ‘माणूस’ नावाचे कोणीतरी असते. कारखाना नाही, महापालिका नाही, मंडळ नाही. नुसता माणूस, म्हणजे कोणीच नाही. २०१५ साली ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड ठोठावला, तेव्हा लवादाला दोषी कोण हे नावानिशी सांगावे लागले. मराठीच्या परीक्षकाला ते सांगावे लागत नाही. कर्त्यावाचून वाक्य लिहिण्याची सवय आपण मुलाला चौथीत लावतो आणि पुढे तो अधिकारी झाला की त्याच्या अहवालात ‘प्रदूषण झाल्याचे आढळून आले आहे’ असे वाचून आपण हळहळतो.

दुसरी वाट साहित्याची, आणि ती जास्त प्रतिष्ठित असल्यामुळे तिच्यावर अधिक रेंगाळायला हवे. आपल्या समीक्षेने निसर्गाला प्रतिमा केले. झाड म्हणजे एकाकीपण, पाखरू म्हणजे मुक्ती, समुद्र म्हणजे नेणीव. बालकवींना आपण ‘निसर्गकवी’ असे लेबल चिकटवले आणि मग ‘औदुंबर’च्या अर्थाविषयी वाद घातले: हा औदुंबर म्हणजे कवीची उदासीनता, की विरक्ती, की अन्य काही. वाद रसाळ होते, त्यांतून मराठी समीक्षा शहाणीही झाली. पण औदुंबर म्हणजे उंबर, त्याची फळे खोडाला लगडतात, त्या फळांच्या पोटात फूल असते आणि एका चिमुकल्या गांधीलमाशीवाचून त्याची बीजधारणा होत नाही, त्यावर हरियाल आणि वटवाघळे जगतात, हे वर्गात सांगणे म्हणजे विषय सोडून बोलणे ठरले. आम्ही असे म्हणत नाही की कविता वनस्पतिशास्त्र म्हणून शिकवावी. जे झाड विद्यार्थ्याने कधी पाहिलेच नाही त्याचे तो प्रतीक कशाच्या आधारावर करतो, एवढेच आम्ही विचारतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’चे काय झाले, ते पाहा. नागझिऱ्याच्या जंगलात राहून, वानरांच्या टोळ्या डोळ्यांत तेल घालून पाहून लिहिलेली ही छोटी कादंबरी. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ती वर्गात नेली आणि पहिल्याच तासाला जाहीर केले की हे राजकीय रूपक आहे. झाले! टोळीचा मुडा नर म्हणजे पुढारी, टोळी म्हणजे पक्ष, आणि वानरे एका तासात जंगलासकट वर्गाबाहेर. मराठीतल्या एका मोठ्या लेखकाने वानरांना वानरे म्हणून गंभीरपणे घेतले, ही गोष्ट आपल्याला इतकी अविश्वसनीय वाटली की आपण तिचा ताबडतोब माणसांत अनुवाद करून टाकला. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’ला आपण ‘ललितगद्य’ या खणात ठेवून कुलूप लावले. वास्तविक त्या पुस्तकात बारा महिन्यांची नेमकी, तारखेबरहुकूम नोंद घेणारी एक करडी अभ्यासक बसली आहे. मारुती चितमपल्ली यांना २००६च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा ‘हे साहित्य आहे काय’ असा सूर निघाला होता. वनखात्यात उभी हयात घालवलेल्या, आदिवासींकडून आणि नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून शिकलेल्या या माणसाने मराठीला ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द दिले. जून २०२५ मध्ये ते गेले. श्रद्धांजल्या उदंड झाल्या. त्यांचा ‘पक्षीकोश’ किती मराठी विभागांच्या कपाटात आहे, ते वाचकांनी आपापल्या विभागात जाऊन पाहावे.

शब्दांचा विषय निघाला आहे तर तो पुरता करू, कारण आमच्या मते मुख्य दुखणे इथेच आहे. ‘उधाण’ हा शब्द घ्या. आपल्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो: आनंदाला उधाण येते, चर्चेला उधाण येते. उधाण अमावास्या-पौर्णिमेला येते आणि अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते त्याला ‘भांग’ म्हणतात, हे मोठागावच्या म्हाताऱ्या आगरी-कोळी माणसाला ठाऊक असते. त्याच्या बोलण्यात खाजण असते, बांध असतो, उघाडी असते. चिखलावर उड्या मारणारा निवटा असतो, चिंबोरी असते, कालवे असतात, बोय आणि जिताडा असतो. तिवर, चिप्पी, मारांडी ही नावे त्याला तोंडपाठ असतात. आपण या सगळ्याला मिळून ‘खारफुटी’ म्हणतो. सरकार ‘कांदळवन’ म्हणते. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य म्हणून आपण टाळ्याही वाजवल्या. हा सन्मान चिप्पीला कळण्याचा प्रश्नच नाही, पण चिप्पी कुठली आणि तिवर कुठले हे टाळ्या वाजवणाऱ्यांना तरी कळत होते काय?

या माणसाचा नातू आपल्या शाळेत आला, तेव्हा आपण काय केले? तो ‘नाय’ म्हणाला, आपण ‘नाही’ म्हणवले. तो आजीच्या बोलीत बोलला, वर्ग हसला, शिक्षकही हसले. निबंधातील त्याच्या शब्दांभोवती आपण लाल वर्तुळे काढली. प्रमाणभाषा शिकवणे हे आपले काम होते आणि ते आपण केले, याबद्दल तक्रार नाही. पण त्या लाल वर्तुळांत केवळ ‘अशुद्ध’ मराठी नव्हती. त्यांत एका खाडीची इत्थंभूत माहिती होती. शिक्षणाने मुलाला एक गोष्ट अचूक शिकवली: चिखल, जाळे, खाजण, आजीची भाषा ही सगळी मागे टाकण्याची गोष्ट आहे, आणि हुशार मुलगा तो की जो लवकर मागे टाकतो. तो हुशार निघाला. पुढे खाजणावर भराव पडू लागला तेव्हा त्याला काही हरवल्यासारखे वाटले नाही, कारण ते हरवलेच पाहिजे अशी त्याची पक्की समजूत आपणच करून दिली होती. पर्यावरणाविषयीची ‘वृत्ती’ घडवण्यात शिक्षणाचा वाटा असतो असे म्हणतात. असतो, जरूर असतो! इतका यशस्वी पर्यावरण-शिक्षणाचा प्रयोग दुसरा सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही गावकऱ्यांचे उदात्तीकरण करता. करत नाही. खाडीतील रेती उपसण्यात काठावरच्या गावांतले हात होते. खाजणे विकण्यात होते. चाळी बांधण्यात होते. निसर्गाजवळ राहिले की माणूस आपोआप त्याचा रक्षक होतो, ही शहरी लोकांची आवडती परीकथा आहे. आमचा मुद्दा निष्पापतेचा नाही, ज्ञानाचा आहे. रेती उपसणाऱ्याला आपण काय उपसतो आहोत हे तरी माहीत होते. न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तरीही भराव थांबत नाही. याचे एक कारण असे की ज्यांच्या खिडकीतून तो दिसतो त्यांना तिथे जागा ‘मोकळी’ दिसते. ज्याला नाव नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते चोरीला गेल्याची तक्रार कोण करणार?

आता वन्य प्राण्यांकडे वळू. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेत एका इमारतीत बिबट्या शिरला. काही माणसे जखमी झाली, दिवसभराच्या खटाटोपानंतर वनखात्याने त्याला पकडले. त्या दिवशीची आपली मराठी आठवा. बिबट्या ‘घुसला’, त्याने ‘धुमाकूळ’ घातला, ‘दहशत’ माजवली, शेवटी तो ‘जेरबंद’ झाला. गुन्हेगारी वार्ताहराचा शब्दसंग्रह जसाच्या तसा. आणि त्याला जेरबंद करणाऱ्यांच्या कामात सर्वांत मोठा अडथळा कोणाचा? भ्रमणध्वनी उंचावून उभ्या असलेल्या, दहावी-बारावीला पर्यावरणात ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या गर्दीचा.

याच ठाणे-पालघर भागातील वारली माणूस वाघोबाला नैवेद्य दाखवतो. वारली आणि त्यांचा वाघोबा यांवर रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदली आहेत. वाघोबा प्रेमळ नाही. तो रक्षण करतो आणि कोपतोही, त्याच्याशी देणेघेणे आहे. हे ‘प्राणिप्रेम’ नव्हे. शेजाऱ्याशी, त्यातही जबर शेजाऱ्याशी, जसा व्यवहार करावा तसा हा व्यवहार आहे. अत्रेय यांनीच अकोले तालुक्याच्या उसाच्या रानात, जिथे रानटी भक्ष्य जवळपास नाही अशा मुलखात, शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे मोजले. जुन्नरला बिबटे पकडून इतरत्र सोडण्याचा उद्योग झाला तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हेही त्यांच्या अभ्यासाने दाखवले. पण इथेही परीकथा नको. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुले दगावली, आणि गाव रस्त्यावर उतरले. त्या आईबापांना सहजीवनाचा धडा देण्याचा अधिकार ठाकुर्लीच्या अठराव्या मजल्यावरून कोणालाही पोचत नाही. उसाने बिबट्याला घर दिले, उसाचे पैसे कोणाला मिळाले आणि मूल कोणाचे गेले, हा हिशोब ‘जागृती’च्या वहीत बसत नाही.

आपल्या अंगी प्रेमही कमी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री जमावाने फाडून काढली. त्यामागे क्रौर्य नव्हते, भूतदया होती. पिढीजात, प्रामाणिक भूतदया. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात हे उच्च न्यायालयात सांगून झाले होते. थंडीत खाडीवर आलेल्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणारी कुटुंबेही प्रेमळच असतात. त्या पक्ष्यांनी हजारो मैल उडून फरसाणासाठी येणे अपेक्षित नाही, एवढे सोडले तर त्यांचे काही चुकत नाही. माहिती एकीकडे आणि माया दुसरीकडे, अशी ही फारकत आहे, आणि ती मिटवण्याचे काम तिसरीच्या परिसर अभ्यासापासून कोणीही अंगावर घेतलेले नाही. ‘शिक्षण’ या शब्दाचे तर वाटेल ते होऊ शकते. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला न्यायालयाने जिवंत नाग वापरण्यास बंदी केली होती; जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एकवीस नाग पकडण्याची परवानगी दिली. प्रयोजन? शैक्षणिक!

मग शिक्षण निरुपयोगी का? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आमचे उत्तर असे: आधी वृत्ती बदलेल आणि मग वागणूक, हा जो क्रम आपण गृहीत धरतो तोच तपासून पाहिला पाहिजे. कोलमस आणि अगीमन या दोघांनी २००२ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवले की माहिती वाढली की आस्था वाढते आणि आस्था वाढली की कृती होते, हा सरळ रेषेचा नमुना फारसा कुठे खरा ठरलेला नाही. आपल्याकडचे दाखलेही तेच सांगतात. गिधाडे डायक्लोफिनॅकमुळे मरत होती; २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ती आणण्याआधी ‘गिधाड’ ही मराठीतली शिवी काढून टाकण्याची वाट पाहावी लागली नाही. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासवांची घरटी राखायला घेतली. ज्या किनाऱ्यांवर अंडी उकरून नेली जात तिथे गावातलेच लोक पहाटे वाळूवरचे माग शोधू लागले, घरटी कुंपणात नेऊ लागले, आणि पुढे पाहुणे येऊ लागल्यावर घराघरांत चुली पेटल्या. तिथे आधी व्याख्यान आणि मग प्रेम असे झाले नाही. आधी काम आले, कामातून ओळख आली, ओळखीतून पोटाला आधार झाला, आणि वेळासची माणसे आज कासवाविषयी ज्या आत्मीयतेने बोलतात ती यामागून आली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतही श्रद्धा एकटी नव्हती. तिच्यासोबत गावाचा नियम होता, राखणदार होता, दंड होता.

म्हणून भाषा आणि साहित्याच्या शिक्षकांनी पर्यावरणदिनाची घोषवाक्ये लिहून देण्याचे काम आता थांबवावे. दर ५ जूनला आपल्याकडे यमके मागायला येतात. ‘झाडे लावा’ला ‘जीवन वाचवा’ जुळवून देण्यात आपल्या विद्येचा कोणता उपयोग होतो? आपल्याकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेले एक काम पडून आहे. नदीचे आत्मवृत्त प्रश्नपत्रिकेतून दहा वर्षांसाठी काढून टाकावे आणि त्याजागी नदीची तक्रार लिहायला सांगावी: दिनांक, ठिकाण, कोणी काय टाकले, कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या आदेशाचा आधार घेऊन. असे चार परिच्छेद नेमक्या मराठीत लिहिता येणारा पदवीधर आमच्या पाहण्यात विरळा आहे, आणि तो तसा विरळा असण्यावर बऱ्याच जणांचा व्यवसाय चालतो. ‘सत्तांतर’ शिकवताना पहिले चार तास वानरांना द्यावेत, राजकारण पाचव्या तासाला येऊ द्यावे. आणि खाडीकाठच्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी, निदान कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, दिवा या पट्ट्यात, आगरी-कोळी बोलीतील खाडीच्या शब्दांचा कोश विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. ज्यांच्या आज्या अजून हयात आहेत ती मुले वर्गात आहेत. ती मागच्या बाकांवर बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत, कारण पूर्वी बोलल्यावर काय झाले ते त्यांच्या लक्षात आहे.

कोशात ‘निवटा’ लिहायचे की ‘निवटी’, यावर पहिल्याच बैठकीत भांडण होईल. गावागावांत उच्चार वेगळे आहेत, नोंद दोन्हींची करावी. झाडांची ओळख पटवायला वनस्पतिशास्त्राच्या विभागातील कोणाला तरी सोबत घ्यावे लागेल. वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे: तासिका पन्नास मिनिटांची असते, आणि पाणी उतरायला सहा तास लागतात.